मांजराची नखं कापायचं सामान: कामाचं कुठलं, शोभेचं कुठलं

घरी मांजराची नखं कापायला तीन वस्तू पुरतात: लहान पात्यांचा कात्री क्लिपर, रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर आणि एक जाडसर टॉवेल. चौथी गरज उजेडाची, तो खिडकीतून फुकट मिळतो. तरीही या एका कामासाठी विकायला असलेल्या वस्तूंची यादी लांबलचक आहे. गिलोटिन क्लिपर, पक्कडवजा क्लिपर, दिवा बसवलेले क्लिपर, बॅटरीवरचे ग्राइंडर, नखांवर चिकटवायच्या टोप्या, मांजर आत घालून चेन लावायच्या पिशव्या. यातल्या काही ठरावीक मांजरांना खरोखर उपयोगी पडतात. काही मुळात कुत्र्यांसाठी बनवलेल्या असतात आणि खोक्यावर फक्त मांजराचं चित्र असतं. एक-दोन तर घरात नसलेल्याच बऱ्या.

आधी नख बघा

कुठलं हत्यार चालेल हे नखाच्या घडणीवरून ठरतं. मांजराचं नख दोन्ही बाजूंनी चपटं असतं, जाडीला कमी आणि उंचीला जास्त, शिवाय कोयत्यासारखं वाकलेलं. बाहेरचं कवच थराथरांचं असतं. जुना थर सैल झाला की मांजर खरवडून तो काढून टाकतं. खरवडायच्या खांबाजवळ नखाच्या आकाराची पोकळ टरफलं सापडतात ती हीच. नख तुटलं असं समजून घाबरायचं कारण नाही. कवचाच्या आत गुलाबी भाग असतो, त्याला क्विक म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आणि नस असते. तिथे पातं लागलं की रक्त येतं आणि चांगलंच दुखतं.

एरवी नख कातडीच्या घडीत मागे ओढलेलं असतं. वरच्या बाजूचे लवचीक बंध ते मागे धरून ठेवतात. बोटाच्या वरून आणि खालच्या गादीवरून एकाच वेळी हलका दाब दिला की टोकाचं हाड फिरतं आणि नख बाहेर येतं. दाब सुटला की नख पुन्हा आत. कुत्र्याचं नख कायम बाहेर असतं, जाड आणि गोलसर असतं. कुत्र्याला उत्तम चालणारं हत्यार मांजराच्या बाबतीत फसतं ते यामुळेच. मांजराच्या वेळी एका हाताचं बोट आणि अंगठा नख बाहेर धरण्यात अडकलेले असतात, त्यामुळे हत्यार एकाच हाताने पूर्ण चालवता आलं पाहिजे आणि नखावर झटकन बसून झटकन निघालं पाहिजे.

साधारणपणे पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्या पंजांना चार-चार, अशी एकूण १८ नखं असतात. पुढच्या पंजाचं पाचवं नख, म्हणजे ड्यू क्लॉ, आतल्या बाजूला थोडं वर असतं आणि जमिनीला टेकत नाही. ते झिजतही नाही. काही मांजरांना जन्मतःच जास्त बोटं असतात. अशा मांजराची बोटं एकदा शांतपणे मोजून ठेवावीत, कारण दोन बोटांच्या बेचक्यात लपलेलं नख हमखास राहून जातं.

कात्री क्लिपर

आमचं स्पष्ट मत या क्लिपरच्या बाजूने आहे. लहान कात्रीसारखा दिसणारा, दोन्ही पात्यांच्या आतल्या कडेला अर्धगोल खाच असलेला. पाती मिटत आली की दोन्ही खाचा मिळून छोटं भोक तयार होतं आणि नख त्यात बसतं. खाच नसेल तर वाकडं नख पात्यावरून पुढे घसरतं, आणि हात ते सावरायला जातो तोवर पातं भलत्या जागी पोचलेलं असतं. म्हणून साधी कात्री, मग ती कितीही धारदार असो, या कामाला घेऊ नये.

घेताना पहिल्यांदा बघायची पात्यांची लांबी. पातं दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर असावं. त्याहून लांब पात्याचं टोक कापताना शेजारच्या बोटाला किंवा गादीला लागतं, आणि सगळं लक्ष नखावर असल्यामुळे ते दिसतही नाही. टोकं बोथट, गोल केलेली असावीत. खाचेची रुंदी तीन-चार मिलिमीटर पुरे. खाच मोठी असेल तर पिल्लाचं बारीक नख त्यात सैल राहतं, आणि कापलं जाण्याऐवजी वाकतं.

मग क्लिपर उजेडासमोर धरून मिटवा. पूर्ण मिटल्यावर पात्यांमधून उजेडाची फट दिसता कामा नये. एक पातळ कागद घेऊन खाचेच्या भागाने कापून बघा. कागद स्वच्छ कापला जायला हवा. पात्यांमध्ये दुमडून अडकला तर जोडाचा स्क्रू सैल आहे किंवा धार नाही. जोड रिव्हेटचा नसून स्क्रूचा असला तर बरं, कारण सैल झाल्यावर आवळता येतो. डावखुऱ्या माणसांनी कागदाची ही परीक्षा डाव्या हातानेच करावी. उजव्या हातासाठी बनवलेली पाती डाव्या हातात दाबताना एकमेकांपासून किंचित फाकतात. जोड घट्ट असेल तर हा फरक जाणवत नाही, सैल असेल तर कागद लगेच दुमडतो.

बोटं घालायची कडी किती मऊ आहेत, रंग कोणता, याला महत्त्व नाही. कडी मोठी आहेत का एवढं बघा. बोट कड्यात अडकून बसलं आणि मांजर उसळलं तर क्लिपर हातातून सुटत नाही, तो मांजराबरोबर ओढला जातो. हात उघडला की क्लिपर खाली पडला पाहिजे.

या प्रकारात उणीव एकच: म्हाताऱ्या मांजराच्या जाड नखाला तो कमी पडतो. नख जाड असेल तर दाब जास्त द्यावा लागतो आणि लहान दांड्यांतून तेवढा जोर मिळत नाही. अशा मांजरासाठी हाच प्रकार पण जरा लांब दांड्यांचा घ्यावा, पाती मात्र लहानच ठेवावीत.

गिलोटिन क्लिपर

यात एक कडं असतं, नख त्यातून ओवायचं आणि दांडा दाबला की सरकतं पातं येऊन नख कापतं. पातं बदलता येतं हा याचा मोठा गुण. धार नवी असताना काप अतिशय साफ येतो, कात्रीहूनही साफ.

अडचण नख ओवण्याची आहे. वाकडं टोक कड्यात घालायला क्लिपर थोडा फिरवावा लागतो. तेवढ्यात मांजराने पंजा मागे घेतला तर नख कड्यात अडकलेलंच राहतं आणि बोट पिरगळतं. नख वाढून गोल वळलेलं असेल तर ते कड्यात शिरतच नाही, म्हणजे ज्या मांजराला कापायची सर्वांत जास्त गरज तिथेच हे हत्यार निकामी. पातं बोथट झाल्यावर हा क्लिपर नख कापण्याऐवजी चेपतो, आणि पातं बदलायची आठवण सहसा नख फाटल्यावरच होते. हात सरावलेला असेल आणि मांजर मुळातच शांत असेल तर हरकत नाही. पहिलं हत्यार म्हणून घेऊ नये.

पक्कडवजा क्लिपर, नेलकटर आणि दिव्याचा क्लिपर

पक्कडवजा क्लिपर मोठ्या कुत्र्यांसाठी आहे. त्याची पाती जाड असतात, त्यामुळे आपण नेमकं कुठे कापतोय हे त्यांच्याआड झाकलं जातं. कापायचं असतं दोन मिलिमीटर आणि पात्याचीच जाडी तेवढी. त्याला बसवलेली लोखंडी आडपट्टी, जी जास्त नख कापलं जाऊ नये म्हणून देतात, तीही कुत्र्याच्या नखाच्या हिशेबाने असते. मांजराच्या बाबतीत तिच्यावर विसंबणं धोक्याचं.

माणसांचं नेलकटर रुंद, सपाट नखासाठी बनवलेलं असतं. पिल्लाचं पातळ टोक त्याने निघतं, आणि वेळेला दुसरं काही नसेल तर चालून जातं. मोठ्या मांजराचं नख मात्र त्यात चेपलं जातं आणि थर सुटे होतात. पिल्लासाठी वापरायचंच असेल तर वेगळं ठेवा, घरातल्या माणसांबरोबर एकच नको.

दिवा बसवलेला क्लिपर ऐकायला फार सोयीचा वाटतो. दिव्याच्या उजेडात नखातला गुलाबी भाग दिसतो, असा दावा. पण बहुतेक मांजरांची नखं मुळातच पारदर्शक असतात आणि दिवसाच्या उजेडात क्विक तसाही दिसतो. काळ्या, अपारदर्शक नखात बारीक दिवा फारसं काही दाखवत नाही. दिवा आणि बॅटरीमुळे हत्यार जाड होतं ते वेगळंच. मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या कुणी बाजूने धरला तर काम जास्त चांगलं होतं.

ग्राइंडर

ग्राइंडर नख कापत नाही, घासतो. एकदम जास्त कापलं जाण्याची भीती नसते आणि कडा गुळगुळीत होतात, म्हणून नवख्या लोकांना तो आवडतो. मांजरांचं मत बहुतेक वेळा उलटं पडतं. मोटरचा आवाज आपल्याला हळू वाटला तरी मांजराचे कान आपल्यापेक्षा बरेच वरचे स्वर ऐकतात. नखावर टेकताच थरथर बोटाच्या हाडापर्यंत जाते. शिवाय घासायला प्रत्येक नख काही सेकंद बाहेर धरून ठेवावं लागतं. कात्रीने तेवढ्या वेळात तीन नखं होतात.

तीन गोष्टी बिघडतात. पहिली उष्णता: एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर नख तापतं आणि आतल्या नसेला चटका बसतो. टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. दुसरी केस: बोटांमधले लांब केस फिरत्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि क्षणात कातडी ओढली जाते. लांब केसांच्या मांजराला जुना पातळ नायलॉनचा मोजा पंजावर चढवून नखं त्यातून बाहेर काढावीत, म्हणजे केस आत राहतात. तिसरी धूळ: नखाची भुकटी उडते, ती मांजराच्या आणि आपल्या नाकात जाते.

शांत मांजराला, कात्रीने टोक कापून झाल्यावर उरलेली खडबडीत कड घासायला ग्राइंडर चांगला. फक्त ग्राइंडरवर पूर्ण काम सोपवायचं असेल तर आधी बरेच दिवस तो बंद स्थितीत, मग दुसऱ्या खोलीत चालू ठेवून, मग जवळ आणून मांजराला त्याची सवय करावी लागते. इतकी तयारी करायचीच असेल तर ती कात्रीसाठी केलेली जास्त फळते.

नखांच्या टोप्या

मऊ व्हिनाइलच्या छोट्या टोप्या कापलेल्या नखांवर गोंदाने चिकटवतात. सोफ्याला आणि माणसांच्या कातडीला ओरखडे बसू नयेत हा हेतू. गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा, म्हणजे सुपरग्लूसारखा झटकन चिकटणारा असतो. नखाचा बाहेरचा थर निघाला की टोपीही त्याच्याबरोबर पडते, साधारण चार ते सहा आठवड्यांत.

टोप्या लावल्या म्हणजे नखं कापायची कटकट गेली, हा समज चुकीचा आहे. लावण्याआधी प्रत्येक नख कापावं लागतंच. वर मापाची भानगड: टोपी लहान झाली तर नखाच्या मुळाशी दाबते, मोठी झाली तर गोंद बाहेर येऊन केसांना आणि कातडीला चिकटतो. टोपी एक-तृतीयांश भरेल इतकाच गोंद पुरे. एखादी टोपी पडायला हवी तेव्हा पडली नाही तर आत नख वाढत राहतं आणि वळून गादीकडे जातं, म्हणून दर आठवड्याला हात फिरवून बघणं आलं. बाहेर फिरणाऱ्या मांजराला टोप्या कधीही लावू नयेत, त्याला झाडावर चढता येत नाही आणि भांडणात स्वतःला वाचवता येत नाही. घरात कुणाची कातडी फार नाजूक असेल, रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील, तर मात्र टोप्यांचा विचार जरूर करावा.

पिशवी की टॉवेल

मांजर आत घालून मानेशी बंद करायची पिशवी दवाखान्यात, सरावलेल्या हातात उपयोगी असते. घरी मांजराला पिशवीत घालणं हेच नखं कापण्यापेक्षा मोठं युद्ध होऊन बसतं. जाळीच्या स्वस्त पिशव्यांत नखं जाळीत अडकतात आणि मांजर जितकं ओढतं तितकी जास्त अडकतात.

टॉवेल स्वस्त आणि बरा. जाडसर टॉवेल पसरा, मांजर त्याच्या मधोमध, तोंड आपल्यापासून दूर. एक बाजू मानेभोवतून अंगावर घ्या, मग दुसरी, आणि ज्या पायावर काम करायचं तेवढाच बाहेर काढा. मानेशी दोन बोटं सहज जातील इतकी जागा ठेवा. मानगूट पकडून उचलणं किंवा दाबून ठेवणं टाळा. २०२२ साली अमेरिकेतल्या मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून मांजर हाताळण्याची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही मानगूट धरण्याला विरोध आहे. पकडल्यावर मांजर गप्प होतं ते शांत झालं म्हणून नव्हे, भीतीने थिजलं म्हणून. पुढच्या वेळी ते क्लिपर पाहूनच पळतं.

स्टिप्टिक पावडर

पहिला काप घेण्याआधी पावडरचं झाकण उघडून ती हाताशी ठेवा. रक्त आल्यावर डबी शोधायला उठलात तर मांजर पलंगाखाली गेलेलं असेल.

चांगल्या पावडरीत मुख्य घटक फेरिक सबसल्फेट असतो. पिवळट-तपकिरी रंगाची ही पावडर रक्तातल्या प्रथिनांना गोठवून वाहिनीचं तोंड बंद करते. घेताना घटकांची यादी वाचा, कारण काही पावडरींमध्ये वेदना कमी व्हाव्यात म्हणून बेंझोकेन घातलेलं असतं. मांजरांच्या रक्तावर बेंझोकेनचा वाईट परिणाम होऊ शकतो, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. नखावर लागणारी मात्रा अगदी थोडी असली तरी मांजर पंजा चाटतं, म्हणून बेंझोकेन नसलेलीच पावडर घ्यावी.

वापर असा: झाकणात चिमूटभर पावडर घ्या, नखाचं टोक त्यात बुडवा आणि बोटाने किंवा कापसाने अर्धा मिनिट दाबून धरा. पुसून बघू नका. पुसलं की गोठलेला थर निघतो आणि पुन्हा वाहायला लागतं, बहुतेक जण इथेच घोटाळा करतात. पावडर चुरचुरते, त्यामुळे मांजर पंजा झटकेल हे धरून चाला. कपड्यावर पडली तर तपकिरी डाग जात नाही. ही पावडर फक्त नखाच्या टोकासाठी आहे, कातडीवरच्या जखमेत घालायची नाही.

पावडर नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं, रक्त थांबायला थोडा जास्त वेळ लागतो एवढंच. साबणाच्या कोरड्या वडीवर नख रोवून धरलं तरी काम होतं. दाढीसाठीच्या तुरटीच्या कांडीनेही रक्त थांबतं, पण ती ओली करून घासावी लागते आणि दुखऱ्या नखावर घासणं मांजर सहन करत नाही. थोडं लागलं असेल तर रक्त पाच मिनिटांत थांबतं. दहा मिनिटं दाबूनही वाहत राहिलं तर डॉक्टरांकडे न्या. दुखत असेल म्हणून माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

आता काप

जेवण झाल्यावरची, मांजर पेंगुळलेलं असतानाची वेळ धरा. खेळून दमलेलं असेल तर उत्तम. उजेड बाजूने येईल असं बसा, म्हणजे नखातला गुलाबी त्रिकोण स्वच्छ दिसतो. डोक्यावरच्या दिव्याखाली आपल्याच हाताची सावली पडते.

मांजराची पाठ आपल्या पोटाला टेकलेली. एक हात पुढून घेऊन पंजा तळहातावर ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. पाय जसा नैसर्गिक हलतो तसाच, पुढे-मागे, त्याच्याच रेषेत ठेवा. पाय बाजूला फाकवून वर उचलला की खांदा दुखतो आणि शांत मांजरही ओढाताण करतं. संधिवात असलेल्या मांजराच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा. मागचा पाय पूर्ण ताणू नका, दुमडलेला असतानाच पंजा तेवढा पुढे घ्या.

अंगठा वर, तर्जनी गादीखाली, हलका दाब. नख बाहेर आलं की एक क्षण थांबून बघा. मुळाशी गुलाबी, पुढे दुधी किंवा काचेसारखं स्वच्छ, आणि टोकाला सुईसारखा आकडा. कापायचा तो फक्त हा आकडा. गुलाबी भाग जिथे संपतो त्याच्या पुढे किमान दोन मिलिमीटर नख शिल्लक राहिलं पाहिजे. पात्यांनी नखाशी काटकोन करावा, एक पातं वरून आणि एक खालून. तिरकं कापलं तर थर उकलतात आणि नख उभं चिरतं. पाती हळूहळू मिटवत नेऊ नका. एकदा जागा ठरली की एका दमात मिटवा. धार चांगली असेल तर बारीक टक असा आवाज येतो आणि तुकडा उडतो. म्हणून तोंड जवळ नेऊन बघत बसू नका, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

नख काळं असेल तर एकदम आकडा उडवण्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरचे पातळ काप घ्या आणि प्रत्येक कापानंतर नखाचं तोंड बघा. कोरडं, पांढुरकं दिसतंय तोवर ठीक. मधोमध ओलसर किंवा वेगळ्या रंगाचा ठिपका दिसू लागला की तिथेच थांबा. शेजारचं एखादं नख पांढरं असेल तर त्यातल्या क्विकच्या लांबीवरून अंदाज घेता येतो.

सुरुवात ड्यू क्लॉपासून करावी, दोन्ही पुढच्या पंजांच्या. सगळे जण ती शेवटी ठेवतात आणि तोवर मांजराचा संयम संपलेला असतो. मांजर दोन नखांनंतर पळालं तरी वळून गादीत घुसणारी नखं तरी होऊन गेलेली असतात. मग पुढचे पंजे, मग जमल्यास मागचे. मागची नखं मांजर स्वतःच चावून बरीच नीट ठेवतं, त्यांना घाई नसते.

एका बैठकीत १८ नखं झालीच पाहिजेत असा नियम कुठेही नाही. दोन झाली, खाऊ दिला, सोडून दिलं. उरलेली उद्या. शेपटीचा फटकारा, मागे वळलेले कान, पाठीवरच्या कातडीची थरथर, यातलं काही दिसलं की पुढचं नख घेऊ नका. गुरगुरेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ताबडतोब सोडा, मांजरात हे गंभीर लक्षण आहे.

पुढच्या नखांना दोन ते तीन आठवड्यांचं अंतर बरोबर पडतं, मागच्यांना चार ते सहा. पिल्लांची नखं फार भराभर टोकदार होतात, त्यांना आठवड्या-दोन आठवड्यांनी हात लावावा, सवयही तेव्हाच लागते. मोकळं फिरणाऱ्या मांजराची नखं कापूच नयेत, फार तर ड्यू क्लॉ बघावीत. म्हातारं मांजर खरवडणं कमी करतं, जुने थर निघत नाहीत आणि नख जाड, पिवळट होत जातं. त्याच्या पंजांवरून दर आठवड्याला बोट फिरवा.

मांजर पंजाला हातच लावू देत नसेल तर क्लिपर आठवडाभर बाजूला ठेवा. रोज फक्त पंजाला स्पर्श आणि लगेच खाऊ. ते सहज झालं की गादीवर दाब आणि खाऊ. मग क्लिपरचा आवाज. यासाठी मांजराजवळ बसून क्लिपरने कोरडी स्पॅगेटी कापावी, आवाज जवळजवळ तसाच येतो. चाटून खायची पेस्ट सर्वांत उपयोगी, कारण चाटण्यात मांजर अर्धा मिनिट तरी गुंतून राहतं. दुसरा माणूस पेस्ट धरेल आणि आपण कापू, अशी वाटणी करावी. दुसऱ्या माणसाने मांजराला घट्ट धरून ठेवायचं, ही वाटणी मात्र फसते.

घरी करू नये असं

नख वळून गादीत घुसलं असेल तर ते घरी ओढून काढू नका. आत जखम आणि बहुधा पू असतो, डॉक्टर ते भूल किंवा गुंगी देऊन काढतात आणि गरज पडल्यास प्रतिजैविक देतात. नखाच्या मुळाशी सूज, लाली, घट्ट तपकिरी घाण, एकाच वेळी अनेक नखांना त्रास, हेही दवाखान्याचं काम. फारच भेदरणाऱ्या मांजरासाठी डॉक्टर आधी द्यायचं औषध लिहून देतात. माणसांची झोपेची गोळी हा त्याला पर्याय नाही. आणि नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर तीत बोटाचं शेवटचं हाडच कापतात हे ध्यानात ठेवा. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तिच्यावर बंदी घातली, आणि इतर अनेक देशांत ती त्याआधीपासूनच बंद आहे.

हत्याराची निगा

प्रत्येक वेळी वापरून झालं की पाती स्पिरिटने पुसा आणि कोरडी करा. फिनॉल जातीचं जंतुनाशक वापरू नका, ते मांजराला विषारी आहे आणि पात्यावर राहिलेलं पंजावाटे तोंडात जातं. घरात दोन मांजरं असतील तर एकाचं झाल्यावर दुसऱ्याच्या आधी पुसून घ्या, नखांची बुरशी अशीच पसरते. जोडावर अधूनमधून मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्तीचं पुसून टाका.

धार गेल्याचं पहिलं लक्षण क्लिपरवर नाही, मांजरावर दिसतं. आधी निमूट बसणारं मांजर कापताना पंजा मागे खेचायला लागतं, कारण बोथट पातं कापण्याआधी नख चेपतं आणि तो दाब थेट नसेवर येतो. मग कापाच्या कडेला पांढरे तंतू दिसतात, टोक तुसासारखं राहतं. अशा वेळी स्क्रू थोडा आवळून कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. खाचेची अर्धगोल धार घरी लावता येत नाही, सपाट दगडावर घासली तर खाचेचा आकार बिघडतो आणि पाती पुन्हा नीट मिटत नाहीत. स्क्रू आवळूनही कागद दुमडत असेल तर तो क्लिपर पाकिटं फोडायला ठेवा आणि मांजरासाठी नवा घ्या.